फाटका एक्सल बूट: चिकटवायचा, नवा घालायचा की अख्खा एक्सलच बदलायचा?

एक्सल म्हणजे गिअरबॉक्सपासून चाक फिरवणारा दांडा, आणि बूट म्हणजे त्याच्या जॉइंटवरचं, आत ग्रीस धरून ठेवणारं घड्यांचं रबरी आवरण. रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे फटकारे दिसले की बाहेरचा, म्हणजे चाकाकडचा, बूट गेला, हे तुम्हाला ठाऊक असेलच. स्टेअरिंगबरोबर वाकायचं काम त्याचं, म्हणून घड्यांत चिरा आधी त्यालाच पडतात. माझ्या दहा वर्षांच्या हॅचबॅकवर तिन्ही उपाय करून झालेत.

चिकटवायच्या बुटाबद्दल फार लिहीत नाही. तो उभा चिरलेला येतो. जॉइंट न खोलता भोवती गुंडाळायचा आणि सांधा चिकटवायचा. अडचण एवढीच, की सांध्याला ग्रीसचं बोट लागलं तर तो धरत नाही, आणि त्या जागी बोट न लागू देणं म्हणजे रंगपंचमीला पांढरा सदरा सांभाळणं. माझा कुंभार्ली घाट उतरून चिपळूणपर्यंत टिकला, परतीच्या चढावर उकलला. सासरी पोचलो, तेवढ्यापुरता उपकार मानतो.

मग मिस्त्री म्हणाले, "साहेब, अख्खा एक्सल टाका, डोक्याला ताप नको." पटण्यासारखंच होतं. नवे जॉइंट, नवे बूट, दोन तासांत गाडी हातात. पैसे बूट किटच्या कित्येक पट, पण गेले तर गेले.

ताप दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू झाला. पार्किंगच्या पांढऱ्या फरशीवर रुपयाएवढा तेलाचा डाग. एक्सल गिअरबॉक्समधून उपटावा लागतो. उपटताना म्हणा, नवा घुसवताना म्हणा, ऑइल सीलला, म्हणजे तिथे तेल अडवणाऱ्या रबरी कड्याला, ओरखडा गेला असावा. सील स्वस्त असतं, पण ते बदलायला एक्सल पुन्हा बाहेर. दुसरं सील घातलं, तरी डाग आठाण्याएवढा राहिलाच. शेजारचे काका रोज फरशीकडे बघायचे आणि मग माझ्याकडे. बोलायचे काही नाहीत. मी पुठ्ठा अंथरायला लागलो. चूक एक्सलची नव्हे, हाताचीही असेल. तुमच्याकडे कदाचित एक थेंबही गळणार नाही. पण दुसऱ्या बाजूचा बूट फाटला तेव्हा मला आधी तो पुठ्ठाच आठवला.

त्या वेळी नुसता अखंड बूट घातला. माझ्या गाडीत बाहेरचा जॉइंट एक्सलवरून ठोकून निघतो, आतलं टोक गिअरबॉक्समध्येच राहतं, तेलाला धक्का नाही. काही गाड्यांत तो निघत नाही, बूट आतल्या टोकाकडून चढवावा लागतो. मिस्त्रींना हे आधी विचारा, कारण माझं अर्धं गणित त्यावरच उभं आहे. वेळ मात्र खाल्ला: जॉइंट रॉकेलमध्ये धुणं, सुकवणं, जॉइंटमधल्या पोलादी गोळ्या फिरवून त्यांच्या खाचांत खड्डे पडलेत का ते बघणं, मग किटमधलं काळं ग्रीस ठासणं. बेअरिंगचं पिवळं ग्रीस भरायला निघाले, तर थांबवा. दीड वर्ष आणि दोन पावसाळे झाले, त्या बाजूला कुरकुर नाही.

अर्थात हे सगळं फाटलेलं वेळेत दिसलं तर. मोकळ्या मैदानात स्टेअरिंग पूर्ण कापून हळूहळू ॲक्सिलरेटर द्या, दोन्ही बाजूंना. कट-कट आवाज आला, तर आत माती पोचून झीज झालेली आहे आणि नवा बूट म्हणजे दुखण्यावर पांघरूण. तिथे मिस्त्रींचंच ऐका, एक्सल टाका. फक्त नवं ऑइल सील त्याच वेळी घालून घ्या. आवाज नसेल, बोटांत ग्रीस चोळून कचकच लागत नसेल, तर मी तरी बूटच घालीन.

आणि बूट आवळायच्या क्लिपा किटमधल्याच लावायला सांगा. माझ्यासमोर एकाने तार गुंडाळायला घेतली होती.