अंटार्क्टिकाच्या प्रवासासाठी कडक भाकरी आणि शेंगा चटणी : बाळीवेस भागातील एका गृहउद्योगाचा अनुभव

माझा धाकटा भाऊ या हंगामात भारताच्या अंटार्क्टिका मोहिमेतून मैत्री तळावर डिझेल मेकॅनिक म्हणून गेला असून तो तेथील हिवाळी तुकडीत राहणार आहे. थंडीचे कपडे आणि बूट मोहिमेकडून मिळतात, औलीचे बर्फावरील प्रशिक्षण आणि वैद्यकीय तपासण्याही वेळेत उरकल्या होत्या. घरच्यांकडे काम उरले होते ते त्याच्यासोबत द्यायच्या खाण्याचे. तळावर जेवणाची व्यवस्था उत्तम असते. तरीही तेथला उन्हाळा संपताना शेवटची बोट परतली की पुढच्या हंगामापर्यंत नवे सामान येत नाही, आणि ऐन हिवाळ्यात तेथे जवळपास दोन महिने सूर्य उगवत नाही. अशा दिवसांत सोलापूरच्या माणसाला ज्वारीची भाकरी हाताशी असावी, या इच्छेने मी सोलापुरातील बाळीवेस भागातल्या एका गृहउद्योगाकडे कडक भाकरी आणि शेंगा चटणीची मागणी नोंदवली. सात-आठ बायका मिळून चालवतात ते हे घरगुती काम आहे, दर्शनी दुकान असे नाही.

टिकाऊपणाचा विचार करताना बहुतेकांच्या मनात प्रथम अंटार्क्टिकाची थंडी येते. कडक भाकरीला थंडीचे भय नाही आणि मैत्रीची हवा तर अत्यंत कोरडी असते. खरा धोका वाटेत असतो. गोव्याचा दमट किनारा, त्यानंतर विषुववृत्त ओलांडून केपटाऊनपर्यंतचा उबदार समुद्र, एवढ्या टप्प्यात ओलावा शिरला तर पुढची थंडी काही कामाची नाही. हे मी सांगण्याआधी गृहउद्योगाचे काम पाहणाऱ्या मावशींनीच ओळखले, आणि या गृहउद्योगाबद्दल माझे चांगले मत तेथेच बनले. त्यांचा पहिला प्रश्न भाकरी किती हव्यात हा नव्हता, तर डबा कोणत्या गावच्या हवेत किती दिवस पडून राहणार हा होता.

भाकऱ्या त्यांनी मालदांडी ज्वारीच्या ताज्या दळणाच्या केल्या. पीठ जुने असले की त्याची चिकटी जाते, भाकरी पातळ थापता येत नाही आणि कडेला चिरा पडतात; म्हणून दळण त्याच सकाळी गिरणीतून आणलेले होते. मी तेथे थांबून पाहिले. परातीत भाकरी फिरत फिरत पापडाइतकी पातळ होत गेली, तव्यावर तिला पाणी फिरवून झाले, ती उलटली गेली आणि मग चुलीच्या कडेला निखाऱ्यांच्या धगीवर उभी करून ठेवली गेली. कडक भाकरीचे खरे काम या उभ्या वाळवणीत असते, कारण घाई झाली तर कडा कडक होतात आणि मध्यभागी पाणी राहते, आणि बुरशी नेमकी तेथूनच धरते. गार झालेली प्रत्येक भाकरी मावशी अंगठ्याने मधोमध दाबून पाहत होत्या. “मधी नरम लागली की ती ह्यात नको ताई, ती आमच्या घरला,” असे म्हणून त्यांनी माझ्यासमोर बऱ्याच भाकऱ्या बाजूला काढल्या आणि त्यांचे पैसे लावले नाहीत.

डबाबंदीसाठी त्यांनी ओळखीच्या पत्रेवाल्याकडून चौकोनी डबे आणून झाकणांना डाख, म्हणजे वितळवलेल्या धातूचा सांधा, लावून घेतला. हा आग्रह माझा होता. दक्षिण ध्रुवाच्या मोहिमांचा इतिहास वाचलेल्यांना त्याचे कारण लगेच कळेल : दक्षिण ध्रुवावर सर्वप्रथम पोहोचलेल्या नॉर्वेच्या आमुंडसेनने आपल्या रॉकेलच्या डब्यांना डाख लावून घेतला होता, तर त्याचा ब्रिटिश प्रतिस्पर्धी स्कॉट याच्या डब्यांची मदार चामड्याच्या चकत्यांवर होती, आणि १९१२ मध्ये ध्रुवावरून परतताना त्याच्या तुकडीला वाटेतल्या साठ्यांमधले रॉकेल अपेक्षेपेक्षा कमी भरले. जे डब्यातून बाहेर जाऊ शकते, त्याच वाटेने बाहेरचे आतही येऊ शकते.

भाकऱ्या फुटू नयेत म्हणून हा गृहउद्योग एरवी खोक्यात थर्माकोलचे तुकडे भरतो. ते येथे चालणार नव्हते. अंटार्क्टिकाच्या पर्यावरण रक्षणासाठी १९९१ मध्ये माद्रिद येथे झालेल्या करारात पॅकिंगसाठी वापरले जाणारे पॉलिस्टायरीनचे मणी आणि तुकडे तेथे नेण्यास स्पष्ट बंदी आहे. परक्या वनस्पती तेथे पोहोचू नयेत यासाठीही कडक नियम असल्याने पेंढा किंवा मातीचा अंश असलेले पोतेही आम्ही टाळले. मावशींनी सगळे ऐकून घेतले, एकदाही कुरकुर केली नाही आणि चादरींच्या कारखान्यातून सुती कापडाचे धुतलेले तुकडे मागवून प्रत्येक थरामध्ये घातले.

चटणी नेहमीप्रमाणे उखळात कुटलेली, तेल सुटलेली आणि लसणाची होती. शेंगदाणे खरपूस भाजलेले होते, त्यामुळे उगवू शकेल असा एकही दाणा सामानात जाण्याचा प्रश्न नव्हता. चव उत्तम, पण दोन पाकिटांमधील मिठाचे प्रमाण सारखे नव्हते. चटणी वर्षभर टिकेल का, असे विचारल्यावर मावशींनी खोटी हमी दिली नाही. सोलापूरच्या हवेत दोन-तीन महिन्यांनी तेल खवट होऊ लागते, थंड जागी ती अधिक टिकेल, परंतु एका वेळी एकच पाकीट फोडावे, असे त्यांनी सांगितले. विक्रेत्याकडून इतके सरळ उत्तर मिळणे मला मोलाचे वाटते.

तक्रारीच्या जागाही आहेत. पाकिटांवर तयार केल्याची तारीख नव्हती. ती मला मागून घेऊन हाताने लिहावी लागली, आणि खाण्याच्या मालाबाबत ही उणीव लहान नाही. दिवाळीच्या फराळाच्या गर्दीत माझी मागणी मागे पडली आणि माल ठरल्यापेक्षा उशिरा मिळाला. गोव्यात सामान सोपवण्याची तारीख कोणासाठी पुढे सरकत नाही, त्यामुळे शेवटचे काही दिवस घरात सर्वांचाच जीव टांगणीला लागला होता. दर बाजारापेक्षा थोडे जास्त आहेत, तरी निवड आणि वाळवणी पाहता ते मला रास्त वाटले.

केपटाऊनहून बोट सुटण्यापूर्वी भावाने एक डबा उघडून पाहिला. वरच्या थरातील काही भाकऱ्यांचे तुकडे झाले होते, बाकीच्या अखंड होत्या आणि एकीलाही वास नव्हता. पुढे चाळीस अंश अक्षांशाखालच्या खवळलेल्या समुद्रात पोटात काही ठरत नसताना त्याने हीच भाकरी कोरडी चावून खाल्ल्याचे कळवले. लांबच्या प्रवासासाठी येथून माल घ्यायचा असेल, तर दिवाळीच्या आधी महिनाभर मागणी नोंदवावी, डाख लावलेले डबे हवेत हे पहिल्याच भेटीत सांगावे आणि तारीख मावशींकडून समोर लिहून घ्यावी.