पट्टे की ठिपके? तुळशीवरची निळी माशी ओळखताना

तुळशीला मंजिऱ्या आल्या की निळ्या माश्या येतात. फोटो मोबाइलमध्ये येतो आणि मग प्रश्न पडतो: ही निळ्या पट्ट्यांची अमेगिला, की तिच्याच घरात अंडं घालणारी कोकीळमाशी, थायरियस?

नुसत्या रंगावर जाऊ नका, निळा दोघींचाही. अमेगिलाच्या काळ्या पोटावरचे पट्टे या कडेपासून त्या कडेपर्यंत जातात, छातीवर तपकिरी लव दाट असते. थायरियस काळीभोर. तिच्या पोटावर निळसर केसांचे सुटे ठिपके दोन्ही बाजूंना, मधली जागा काळीच. पोटाचं टोक निमुळतं.

मागचे पाय परागाने भरलेले दिसले तर ती अमेगिलाची मादी, वाद मिटला. पाय रिकामे म्हणून मात्र कोकीळमाशी ठरवू नका, अमेगिलाचे नरही रिकाम्या पायांनीच हिंडतात. मी इथेच फसलो होतो.

खरा निकाल लागतो तो पांढऱ्या मातीच्या भिंतीपाशी. आपल्याकडे गावोगावच्या पडक्या गढ्यांना काय तोटा? अमेगिला सरळ आपल्या भोकात शिरते. थायरियस भिंतीलगत घुटमळते, भोकं हुंगत फिरते आणि मालकीण बाहेर पडली की आत जाऊन अंडं घालते. तिची अळी यजमानाचं पिल्लू संपवते आणि त्याच्यासाठी ठेवलेला पराग-मधाचा गोळा खाते. कोकिळेच्या पिल्लाला कावळीण निदान भरवते तरी. इथे ताट आधीच वाढलेलं असतं.

संध्याकाळी वाळक्या काडीला जबड्याने धरून झोपलेली माशी दिसली तर फोटो सुरेख येतो, पण झोपण्याच्या ढबीवरून काही ठरत नाही. तसं दोघीही झोपतात.

पोट शंकूसारखं, त्यावर पांढऱ्या रेघा आणि डोळ्यांवर बारीक केस असतील तर ती तिसरीच, कोइलिऑक्सिस. ती पानं कापणाऱ्या माशीच्या घरात घुसते. अंगभर हिरवी-निळी धातूसारखी चमक असली तर बहुधा गांधीलमाशांच्या गोतातली.

थायरियसची नेमकी जात हवी असेल तर वरून फोटो घ्या. छातीच्या मागच्या टोकाला चपटी ढाल असते (थायरियस हे नावच ग्रीक भाषेतल्या ढालीवरून आलंय). तिच्या मागच्या कडेची खाच आणि ठिपक्यांची मांडणी स्पष्ट दिसायला हवी. फोटो बाजूनेच निघाला असेल तर नोंदीत नुसतं ‘थायरियस’ लिहा.