ब्लेनहाइमच्या रिटायरमेंट व्हिलेजमध्ये चारही ऋतू काढल्यावर

न्यूझीलंडच्या मार्लबरो भागात, ब्लेनहाइमच्या कडेला, द्राक्षमळ्याला लागून असलेल्या रिटायरमेंट व्हिलेजमधल्या (ज्येष्ठांसाठीच्या वसाहतीतल्या) दोन बेडरूमच्या व्हिलाचा, म्हणजे स्वतंत्र बैठ्या घराचा हा अनुभव. ऑकलंड-वेलिंग्टनच्या मराठी घरांत सत्तरीकडे आलेली मंडळी अशा जागा पाहायला लागली आहेत, त्यांच्या कामाचं तेवढं लिहितो.

इथे घर विकत मिळत नाही. मिळतो तो 'ऑक्युपेशन राइट अॅग्रीमेंट'खाली हयातभर राहण्याचा हक्क. त्यावर बँक सहसा कर्ज देत नाही, तो मुलांच्या नावावरही होत नाही. निघताना भरलेल्या रकमेतून 'डिफर्ड मॅनेजमेंट फी' कापतात: साधारण २० ते ३० टक्के, पहिल्या तीन-पाच वर्षांत चढत जाणारी. समजा ६,५०,००० डॉलर भरले आणि फी ५ वर्षांत २५ टक्के आहे. ३ वर्षांनी निघालात तर ९७,५०० जाऊन ५,५२,५०० परत. ५ वर्षांनी ४,८७,५००, आणि त्यापुढे पंधरा वर्षं राहिलात तरी तेवढेच. मधल्या काळात भाव वाढला तर ती वाढ बहुतेक करारांत कंपनीची. थोडक्यात, दीर्घकाळ राहणाऱ्यालाच हे परवडतं. 'दोन-तीन वर्षं राहून बघू' म्हणणाऱ्याने इथे पैसे अडकवू नयेत.

रिटायरमेंट व्हिलेजविषयीच्या २००३ च्या कायद्याप्रमाणे सहीपूर्वी स्वतंत्र वकिलाचा सल्ला सक्तीचा आहे आणि सहीनंतर १५ कामकाजी दिवसांत माघार घेता येते. वकिलाला नेमकं विचारायचं ते असं. फी रोजच्या हिशेबाने चढते, की वर्ष लागताच त्या वर्षाची पूर्ण लागते? घर रिकामं केल्यावर साप्ताहिक फी थांबते, की नवा रहिवासी येईपर्यंत चालू राहते? पैसे परत मिळण्याला मुदत आहे का? पुढे केअर विभागात, म्हणजे शुश्रूषेच्या विभागात हलावं लागलं तर फी पुन्हा पहिल्यापासून मोजतात का? आणि भारतातून येणारी बहीण तीन महिने राहू शकते का? बऱ्याच करारांत पाहुण्यांच्या मुक्कामाला मर्यादा असते, आपल्याकडे अडतं ते इथेच.

साप्ताहिक फीमध्ये इमारतीचा विमा, कौन्सिलचे कर, बाहेरची रंगरंगोटी, हिरवळ कापणं हे येतं. वीज, इंटरनेट आणि घरातल्या सामानाचा विमा आपला.

आता शांततेबद्दल. माहितीपत्रकातला मळ्याचा फोटो उन्हाळ्यातला असतो. सप्टेंबरमध्ये वेलींना कोंब फुटतात आणि नोव्हेंबरपर्यंत कोंब गोठवणाऱ्या दहिवराची (फ्रॉस्टची) भीती असते. निरभ्र रात्री थंड हवा जमिनीलगत साचते, तिच्यावर थोडी उबदार हवा असते. ती खाली ओढायला उंच खांबावरचे फ्रॉस्ट फॅन पहाटेपर्यंत फिरतात. कधी हेलिकॉप्टरही घिरट्या घालतं. पात्यांचा दबका धडधडाट दुहेरी काचेतूनही आत येतो. फेब्रुवारीपासून पक्षी हाकलणाऱ्या गॅसच्या तोफा, दिवसभर. मार्च-एप्रिलमध्ये रात्री चालणारी तोडणी यंत्रं आणि द्राक्षांचे ट्रक, त्यानंतर पिळलेल्या चोथ्याचा आंबूस वास. हिवाळ्यात लाकडाच्या शेगड्यांचा धूर. दमेकऱ्याने जून-जुलैची संध्याकाळ इथे काढल्याशिवाय निर्णय घेऊ नये. बेडरूमची खिडकी मळ्याकडे नको. त्याच व्हिलेजच्या मधल्या रांगेतलं घर 'दृश्य नाही' म्हणून मागे पडतं, पण झोप तिथेच लागते.

स्वयंपाकघरात पहिल्यांदा चिमणी उघडून पाहा: धूर पाइपने बाहेर जातो, की जाळीतून गाळून परत खोलीतच येतो? दुसऱ्या प्रकारात मोहरी-मिरचीच्या फोडणीला स्मोक अलार्म वाजणारच. स्वतंत्र व्हिलात खिडकी उघडून भागतं. सर्व्हिस्ड अपार्टमेंटमध्ये (जेवण-साफसफाईची सेवा मिळणाऱ्या फ्लॅटमध्ये) अलार्म मध्यवर्ती यंत्रणेला जोडलेला असेल तर थेट अग्निशमन दल दारात.

गळ्यातला इमर्जन्सी अलार्म बागेच्या टोकापर्यंत आणि न्हाणीघरात चालतो का, ते बटण दाबूनच तपासावं. लँडलाइन फायबरवर असते. वीज गेली की मोडेमसकट फोन बंद, म्हणून बॅटरी बॅकअप मागून घ्या.

गाडी हातात असेपर्यंत सगळं सोपं. ७५ व्या वर्षी लायसन्सच्या नूतनीकरणाला डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं, पुन्हा ८० ला, मग दर दोन वर्षांनी. बसफेऱ्या तुरळक, त्यामुळे सुपरमार्केट आणि दवाखाना चालत किती लांब आहे हे आजच मोजा. वायराऊ हॉस्पिटल गावातच आहे, पण रेडिओथेरपी तिथे होत नाही. वेलिंग्टन किंवा क्राइस्टचर्च गाठावं लागतं. वेलिंग्टनचं विमान अर्ध्या तासाच्या आत पोचवतं, मात्र वारा-धुक्याने रखडू शकतं. पिक्टन बंदरातून वेलिंग्टनला जाणारी फेरी बोट साडेतीन तासांची, आणि ती धरायला आधी अर्धा तास गाडीने.

डाळ-तांदूळ-कणकेची सोय होते. पनीर घरी करावं, दूध उत्तम आहे.