जिओजेब्रा की फेट : आधी कशाला हात घालायचा?

नववी-दहावीचं गणित आणि विज्ञान दोन्ही तुमच्याच गळ्यात असेल, तर फेट (पडद्यावर करून बघायचे तयार प्रयोग, म्हणजे सिम्युलेशन्स) आणि जिओजेब्रा (भूमितीच्या आकृत्या रचायचं सॉफ्टवेअर) ही दोन्ही साधनं एकदम शिकायला जाऊ नका. आधी फेट घ्या.

कारण साधं आहे. फेटमध्ये प्रयोगाचं टेबल मांडून ठेवलेलं असतं. नोबेलविजेते कार्ल वीमन यांनी २००२ साली कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेला हा प्रकल्प. बरीच सिम्युलेशन्स मराठीतही आहेत. नववीचं ‘धाराविद्युत’ काढा. ९ व्होल्टची बॅटरी, १० ओहमचा बल्ब : अमीटर ०.९ अँपिअर दाखवतो. एकसरीत दुसरा तसाच बल्ब जोडला की ०.४५. मग कुणीतरी बॅटरीची दोन्ही टोकं नुसत्या तारेने जोडतंच आणि पडद्यावर बॅटरी पेटते. ‘शॉर्ट सर्किट’ त्यानंतर समजवावं लागत नाही. एक खोट मात्र आहे : इथल्या साध्या बल्बचा रोध कायम तेवढाच राहतो, खऱ्या बल्बची तार तापली की तो वाढतो. म्हणून खरा सेल आणि बल्ब टेबलावर हवाच.

जिओजेब्रा ही कोरी वही. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये साल्झबर्गला ते सुरू केलं. तयार फायली मिळतात, पण खरी गंमत स्वतः रचण्यात आहे आणि तिथेच वेळ जातो. अर्धवर्तुळातला कोन दाखवताना मी तिसरा बिंदू वर्तुळावर न ठेवता चुकून त्याच्या शेजारी ठेवला. ओढायला गेले, तर ९० अंश कुठल्या कुठे, आणि वर्ग खूश! बिंदू वर्तुळाला चिकटलेला असेल तर तो कितीही फिरवा, कोन जागचा हलत नाही. दहावीच्या ‘वर्तुळ’ प्रकरणाला फेटमध्ये याच्या तोडीचं काही नाही.

आणखी एक. त्रिकोणाचे कोन ४७.१३, ६२.४४, ७०.४४ असे दिसले की बेरीज १८०.०१ येते. दोन दशांश स्थळांपर्यंत पूर्णांकन केल्याचा हा परिणाम. हुशार मुलगी पकडतेच. तो तास ‘मोजणं आणि सिद्ध करणं’ यातल्या फरकाला देऊन टाका.

नेटचं रडगाणं दोन्हीकडे सुटतं : फेटची फाइल पेनड्राइव्हवर घेऊन ब्राउझरमध्ये उघडता येते, जिओजेब्रा संगणकावर टाकून ठेवता येतं. फक्त भूमितीच शिकवत असाल, तर माझा पहिला सल्ला उलटा करा.