ध्रुवाजवळची हंगामी नोकरी: अंटार्क्टिका की स्वालबार्ड?

आधी पासपोर्ट बघा, निम्मा निर्णय तिथेच होतो. 1959 च्या करारामुळे अंटार्क्टिकावरचे देशोदेशींचे दावे गोठलेले आहेत, पण संशोधन केंद्रं ज्या-त्या देशाची आहेत. त्यामुळे स्वयंपाकी, सुतार, मेकॅनिकसुद्धा बहुतेक त्या-त्या देशातूनच घेतले जातात. स्वालबार्ड हा उत्तर ध्रुवाजवळचा बेटांचा समूह नॉर्वेचा, तरी 1920 च्या करारातून आलेल्या व्यवस्थेमुळे तिथे राहून काम करायला कुणालाच व्हिसा लागत नाही. मेख एवढीच की विमानं नॉर्वेच्या मुख्य भूमीवरून जातात, म्हणून ज्यांना शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा) लागतो त्यांनी दोनदा प्रवेश देणारा घ्यावा. नाहीतर येताना अडकाल.

पैसे साठवायचे असतील तर अंटार्क्टिकावरचं मॅकमर्डोसारखं अमेरिकी केंद्र बरं. आठवड्याचे सहा दिवस, रोज नऊ तास काम. खोली कुणाबरोबर तरी वाटून घ्यावी लागते. पण राहणं-जेवण फुकट, गरम कपडे वाटेत न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चलाच हाती पडतात आणि खर्च करायला जागाच नाही. स्वालबार्डचं मुख्य गाव लाँगइयरब्येन, तिथे मात्र जवळजवळ सगळं बाहेरून येतं, महाग असतं. शिवाय बरीच घरं नोकरीशी बांधलेली: नोकरी सुटली की खोलीही सुटते. स्वतःचा खर्च भागवता येत नसेल तर राज्यपाल बेटांवरून परत पाठवू शकतात. परतीचं भाडं आणि दोन-तीन महिन्यांची शिल्लक नसेल तर तिकडे जाऊच नये, असं मला ठामपणे वाटतं.

थंडीची सगळे चौकशी करतात, परतीची फार कुणी करत नाही. लाँगइयरब्येनहून नॉर्वेच्या मुख्य भूमीवरचं ट्रोम्सो शहर विमानाने दीडेक तासावर आहे, आणि विमानं बाराही महिने चालतात. गावात छोटं रुग्णालय आहे. गंभीर रुग्णाला मुख्य भूमीवर नेतात. मॅकमर्डोला उन्हाळ्यातही हवा बिघडली की विमान अर्ध्या वाटेतून माघारी फिरतं. दक्षिण ध्रुवावरचं केंद्र तर फेब्रुवारीच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत जवळपास बंदच. 1999 च्या हिवाळ्यात तिथल्या एकुलत्या डॉक्टरलाच स्तनाचा कर्करोग झाला. जुलैत विमानातून औषधं खाली टाकली गेली, पण तिला बाहेर काढता आलं ते ऑक्टोबरात. म्हणूनच निवडीआधी शरीराची आणि दातांचीही कसून तपासणी होते. तिला कटकट समजू नका. घरी कुणी आजारी असेल, अचानक परतावं लागण्याची शक्यता असेल, तर स्वालबार्ड निवडा. आणि पहिल्याच वर्षी अंटार्क्टिकाचा हिवाळा पत्करू नका, पगार कितीही चांगला दिसो.

प्रकाशाचा हिशेब सोपा आहे. मॅकमर्डोच्या उन्हाळी हंगामात, ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी, सूर्य मावळतच नाही. खिडकीला जाड पडदा नसेल तर झोपेचे हाल. लाँगइयरब्येनला ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवत नाही, आणि साधारण 20 एप्रिलपासून चार महिने मावळत नाही. स्नोस्कूटर आणि कुत्र्यांच्या गाड्यांचा पर्यटन हंगाम मुख्यतः मार्च-एप्रिलचा. तेव्हा गेलात तर रात्री आखूड होत होत नाहीशा झालेल्या दिसतात, माझी निवड तीच असेल. फक्त वस्तीबाहेर पाऊल टाकायचं तर ध्रुवीय अस्वलांपासून बचावाचं साधन आणि ते वापरता येणारा माणूस सोबत हवा. हॉटेलात भांडी घासायला गेलात तरी सुट्टीच्या दिवशी हा नियम तुम्हालाही लागू आहे.

स्वालबार्डची नोकरी मिळत असेल तर सही करण्याआधी खोली मिळणार का, तिचं भाडं किती आणि नोकरी सुटल्यावर किती दिवसांत रिकामी करायची, हे करारपत्रात लिहून घ्या.