केअरटेकर सर्विस, टिळकवाडी, बेळगाव : ३ स्टार

आज्जी ८२ ची, म्हणून एका एजन्सीकडनं दिवसभराची बाई लावली. पहिली आली ती फक्त कन्नडवाली, आणि आज्जीचं नंतर शिकलेलं कन्नड आता पुसत चाललंय, मराठीच तेवढी राहिलीय, मग दोघी नुसत्या एकमेकींच्या तोंडाकडं बघत बसायच्या. मराठीवाली मिळायला ३ आठवडे आणि रोजचे फोन!! पण आत्ताची बाई सोनं आहे. आज्जीला सकाळचा नाष्टा आठवत नाही पण १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं तेव्हाचं सगळं आठवतंय, मांड्याचं पीठ अजून हातालाच कळतंय, बाई तेच ते दहादा ऐकते, कणीक मळायला देते, गोळ्या मात्र स्वतःच्या हातानं देते. रेट जरा जास्तच, रविवारी सुट्टी. लावणार असाल तर भाषा आधी विचारा.