बालवाडीची खोली नव्याने मांडली: नऊ महिन्यांनंतर काय टिकलं, काय माळ्यावर गेलं

चिपळूणजवळच्या आमच्या गावात मी सोळा बाय वीस फुटांच्या एका खोलीत बालवाडी चालवते. पटावर २२ मुलं, वय तीन ते पाच. गेल्या मे महिन्यात सगळी खोली रिकामी करून नव्याने मांडली. आजूबाजूच्या ताया विचारतात, काय घेऊ नि काय नको, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

सगळ्यात जास्त उपयोगी पडल्या त्या दोन साध्या उघड्या मांडण्या. सुतारकाकांकडून १९ मिमीच्या प्लायच्या करून घेतल्या. उंची २४ इंच, लांबी चार फूट, कोपऱ्यांना गोलाई. एक भिंतीला स्क्रूने पक्की केली. दुसरी खोलीत आडवी टाकली आणि खाली अँगल मारले, कारण मुलं तिच्यावर चढणार हे ठरलेलंच. आधी या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळी जागा होती, त्यामुळे मुलं आत आली की धावतच सुटायची. मी ‘धावू नका’ म्हणून घसा बसवायचे. आडवी मांडणी आल्यावर ते आपोआप थांबलं. मला तिच्यावरून सगळी खोली दिसते, खाली बसलेल्या पोराला मात्र आपला कोपरा आपल्यापुरता मिळतो.

सुरुवातीला मी हौसेने सगळं सामान मांडलं आणि अर्ध्या तासात ते सगळं जमिनीवर आलं. मग दहाच ट्रे ठेवले, बाकीचं ट्रंकेत. दर सोमवारी दोन-तीन बदलते. ज्याच्या त्याच्या जागी वस्तूचं चित्र चिकटवलंय, त्यामुळे चार वर्षांची मुलंही ट्रे बरोबर परत ठेवतात. ट्रेमध्ये चिंचोके, शिंपले, नारळाच्या करवंट्या, गुळगुळीत दगड. बालशिक्षणाचं मोठं काम केलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला अशाच आसपासच्या वस्तूंतून शिकवण्याची साधनं उभी केली होती, तेव्हा यात माझं स्वतःचं काही नाही. गुंजा मात्र बाद. दिसतात गोड, पण विषारी.

खुर्च्यांचं चुकलं. बारा इंच उंचीच्या आल्या. तीन वर्षांच्या मुलाचे पाय त्यावर लोंबतात आणि पाय लोंबले की पोर चुळबुळ करतं. त्यांना दहा इंचांची बैठक हवी होती. आता अर्ध्या खुर्च्या माळ्यावर आहेत, आणि चित्रं काढायला पाट नि चौरंग झकास चालतात.

रंगीत फोमच्या जोडायच्या चटयांवर मात्र माझा रागच आहे. जुलैत एक उचलली तर खाली काळी बुरशी. कडा मुलांनी कुरतडलेल्या, ते वेगळंच. ज्यांच्याकडून घेतल्या ते म्हणाले, ‘धुऊन उन्हात वाळवा.’ जुलैत, कोकणात! आता जुन्या साड्यांच्या गोधड्या घालतो. धुतल्या की पंख्याखाली एका रात्रीत बऱ्यापैकी सुकतात आणि खोलीत आवाज घुमायचा तोही कमी झालाय.

भिंतीवर कार्टूनची चित्रं रंगवून घेतली होती. पंधरा दिवस कौतुक झालं, पुढे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. त्याच भिंतीच्या खालच्या तीन फुटांना दिवाळीच्या सुट्टीत फळ्याचा काळा रंग दिला, तिथे आता रोज खडू घेऊन झुंबड. खडूची धूळ उडते, ओला फडका हाताशी ठेवावा लागतो.

आणि खिडकी. तिची कड साडेतीन फुटांवर, त्यामुळे मुलांना बाहेरचं काहीच दिसत नव्हतं. उरलेल्या फळ्यांतून काकांनी नऊ इंच उंचीची रुंद पायरी करून दिली. खिडकीला गज आहेत, नसते तर हे धाडस केलं नसतं. समोर रस्ता, एसटीचा थांबा. ‘बाई, लाल गाडी आली’, ‘आज दोन आज्या उतरल्या’, ‘छत्री उलटी झाली!’ एक मुलगा जूनपासून माझ्याशी अवाक्षर बोलत नव्हता. त्याचं पहिलं वाक्य या पायरीवरून आलं: ‘कंडक्टर घंटी मारतोय.’ मोजणं, रंग, आधी-नंतर हे सगळं तिथे आपसूक होतं. मी फक्त शेजारी उभी राहते.

अडचण एकच: पायरीवर चारच मुलं मावतात, आणि साडेदहाची गाडी आली की रोज भांडण. दुसरी पायरी सांगितली आहे. सुतारकाका म्हणतात, शिमगा होऊ दे.